थेलेनबाईंच्या अकरा चुका

१२ मार्च १९८६

फॉर्म आज हातात पडला. पुढची तीन वर्षं कुठले तीन मुख्य विषय घ्यायचे ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचं. जीवशास्त्र नक्की, जर्मन नक्की. तिसऱ्या रकान्यात बाबांनी मनातल्या मनात कधीच रसायनशास्त्र लिहून टाकलंय. मी एकुलती एक. द्राक्षांचा मळा माझ्याकडे येणार, म्हणजे वाइनच्या कॉलेजात जाणार, म्हणजे रसायनशास्त्र. सगळं कसं गणितासारखं सुटतं त्यांचं.

मला लॅटिन घ्यायचंय. का, ते नीट सांगता येत नाही. मला त्यात चांगले गुण पडतात, हे एक. दुसरं, लॅटिनचं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत आपलं गुपित सांगत नाही. क्रियापद येईपर्यंत श्वास धरून बसावं लागतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग पोहायला जा. श्वास धरायला तिथेही मिळेल."

१५ मार्च

आज चक्क लॅटिनच्या थेलेनबाई आमच्या मळ्यात! छाटणी झालीय, आम्ही तिघं वेली वाकवून खांबांना बांधत होतो. बाई त्या सरळसोट चढावर शाळेतल्याच बुटांनी चढून आल्या. साठीच्या जवळ आल्यात, पण धाप नाही.

बाबांना म्हणाल्या, "केटर्न, तुमच्या मुलीसाठी आलेय. लॅटिनच्या मुख्य वर्गाला सहा मुलं लागतात. पाच झालीत."

"म्हणजे सहावं डोकं मोजायला आलात."

"हो. पण हे डोकं चांगलं आहे."

बाबा काडीची गाठ मारत राहिले. "मला सांगा बाई, लॅटिन बोलतं कोण?"

"कुणी नाही. म्हणून तर त्यात कुणी खोटं बोलत नाही."

"पाद्री बोलायचे की!" बाबा म्हणाले, आणि बाई इतक्या खळखळून हसल्या की खालच्या मळ्यातले लोक वर बघायला लागले.

जाताना मला एवढंच म्हणाल्या, "माझ्यासाठी घेऊ नकोस. तुला हवं असेल तर घे."

१७ मार्च

लॅटिन लिहिलं. बाबांची सही आईने केली.

२३ मार्च

बाबा सहा दिवस बोलले नाहीत. आज जेवताना बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मग, याला लॅटिनमध्ये काय म्हणतात?" मी म्हटलं, रोमन लोकांना बटाटा माहीतच नव्हता. "बघ," ते आईला म्हणाले, "असल्या लोकांकडून ही शिकणार." पण बोलले तरी.

४ सप्टेंबर १९८६

आम्ही सहा जण. ऊडो हेल्मिंग माझ्या शेजारी बसतो. तो नदीच्या पलीकडच्या काठावरच्या गावातला, त्याच्या वडिलांची बेकरी आहे, त्यामुळे त्याच्या वह्यांनाही पावाचा वास येतो. वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, खिडकीतून नदीचं वळण दिसतं. बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या, "आधी क्रियापद शोधा. माणूस हरवला तर पोलीस शोधतात. क्रियापद हरवलं तर तुम्हालाच शोधावं लागेल."

२१ मे १९८७

आज बाईंनी आम्हाला चर्चच्या भिंतीपाशी नेलं. तिथे एक रोमन थडग्याचा दगड भिंतीतच बसवलाय. लहानपणापासून मी त्याला टेकून उभी राहत आलेय, आणि आज पहिल्यांदा वाचला. बापाने मुलीसाठी बसवलेला. ती जगली नऊ वर्षं, दोन महिने, सहा दिवस. बाईंनी विचारलं, "दिवस कशाला मोजले असतील त्याने?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. संध्याकाळी ते फिरून येतो म्हणून चर्चच्या दिशेने गेले.

मी लॅटिन घेतलं ते बरं केलं.

२० ऑक्टोबर १९८७

द्राक्षांची खुडणी चालू आहे. पाठ मोडलीय. शाळेत बाईंनी आज एकाच तासात दोनदा हजेरी घेतली. दुसऱ्यांदाही आम्ही सगळे "हजर" म्हणालो, आणि ऊडो म्हणाला, "अजूनही हजर." खूप हसलो. बाईही हसल्या, पण जरा उशिरा.

११ फेब्रुवारी १९८८

बाई हल्ली मला क्रिस्टा म्हणतात. क्रिस्टा कोण ते कुणालाच माहीत नाही. मी दोनदा "मार्लीस" म्हणून दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा ऊडोने टेबलाखालून पाय मारला. हा ऊडो फार पुढेपुढे करायला लागलाय. तास सुरू व्हायच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवतो: आज अमुक पान, अमुक ओळ. बाई आल्या की आधी फळ्याकडे बघतात आणि मग "हं, तर आज..." म्हणून सुरू करतात. मी त्याला म्हटलं, "बाईंचा चिटणीस झालास का रे?" म्हणाला, "हो. पगार नाही, पण मान आहे."

८ सप्टेंबर १९८८

शेवटचं वर्ष. मार्चमध्ये लेखी परीक्षा, आणि बाईंनी आज एका शहराच्या वेढ्याचा तोच उतारा तिसऱ्यांदा भाषांतराला दिला. मी म्हटलं, "बाई, हा झालाय." बाई म्हणाल्या, "झाला असेल तर अधिक चांगला करा." बाकीचे पाच जण माना खाली घालून लिहायला लागले, जणू नवीनच आहे! मेंढरं नुसती.

मला वाटतं, मागच्या खुडणीत मी चार तास बुडवले त्याचा राग आहे बाईंना.

६ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीनंतर बाई जिन्यापाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "तुमच्याच तासाला." "चल तर मग," म्हणाल्या आणि माझ्या मागोमाग वर आल्या, एक पाऊल मागे राहून. पाळत ठेवतात की काय माझ्यावर? मी काय तास चुकवून पळून जाणार होते?

एका पायात काळा बूट, दुसऱ्यात तपकिरी. सांगणार होते, पण चिडले होते म्हणून नाही सांगितलं.

२२ नोव्हेंबर

पाच. पंधरापैकी पाच.

चार तासांचा पेपर, आणि मी इतका चांगला पेपर आजवर लिहिला नव्हता. कागद लाल झालाय नुसता. हे गुण शेवटच्या निकालात धरले जातात. घरी आईला दाखवलं, ती म्हणाली, "बाबांना आज नको."

२३ नोव्हेंबर

व्याकरण आणि शब्दकोश घेऊन एकेक लाल खूण तपासली. अकरा ठिकाणी मी बरोबर आहे आणि बाई चूक. अकरा! एका ठिकाणी मी भूतकाळच लिहिलाय आणि त्यांनी समासात लिहिलंय, "भूतकाळ हवा!" एका ठिकाणी पंचमी विभक्तीला त्यांनी षष्ठी म्हटलंय. आठवीतला मुलगा हे करणार नाही. म्हणजे हे मुद्दाम आहे.

२४ नोव्हेंबर

बाईंकडे पेपर घेऊन गेले. त्या खूप वेळ कागदाकडे बघत राहिल्या, बोट एका ओळीवरून पुढे सरकेना. मग पेपर घडी करून माझ्या हातात दिला. "पुन्हा वाच."

"मी वाचलाय, बाई. तुम्ही वाचा."

असं मी म्हटलं. तोंडावर. त्या खिडकीकडे बघत होत्या.

बस स्टॉपवर ऊडो आला. "मार्लीस, मार्चपर्यंत थांब."

"का?"

"थांब म्हणतोय ना. बाहेरच्या परीक्षकांकडे दुसऱ्यांदा तपासणी होतेच लेखीची. तिथे तुझं नुकसान होणार नाही."

"या पेपरचं काय?"

"जाऊ दे एक पेपर."

"तुला बारा मिळालेत. तुला काय जातंय सांगायला?"

तो लाल झाला. माझी बस आली.

१ डिसेंबर

मुख्याध्यापक ग्रोमेस सरांकडे गेले. अकरा चुका एका कागदावर नीट लिहून नेल्या होत्या, पुढे व्याकरणाचे पान क्रमांकसुद्धा. सरांनी तो कागद दोनदा वाचला. ओरडतील असं वाटलं होतं, पण इतक्या हळू आवाजात बोलले, "हे असं आणखी कधी झालंय?" मी सगळं सांगितलं. वेढ्याचा उतारा, हजेरी, क्रिस्टा. त्यांनी लिहून घेतलं. बुटांचंही लिहून घेतलं. ते कशाला, कळलं नाही.

"बरं केलंस आलीस ते," म्हणाले. पण चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता.

९ डिसेंबर

तेरा! ट्रिअरहून आलेल्या दुसऱ्या सरांनी पेपर पुन्हा तपासला. न्याय झाला. बाबांनी बाटली उघडली, आमच्या मळ्यातली, चांगल्या सालातली. "पोरीने लॅटिनच्या बाईला लॅटिनमध्ये हरवलं," असं शेजारी जाऊन सांगून आले.

बाई आठवडाभर आल्या नाहीत. आजारी आहेत म्हणे.

१२ डिसेंबर

आता लिहिते ते पुन्हा कधी वाचणार नाही.

आज वर्गात गेले तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. ऊडो मागच्या बाकावर जाऊन बसला होता. कुणीच माझ्याशी बोललं नाही. सुट्टीत मी त्याला जिन्यात गाठलं. "काय झालंय तुम्हा सगळ्यांना?"

"तू काय केलंस, तुला खरंच माहीत नाही?"

"माझ्या गुणांसाठी भांडले."

"त्यांना आठवत नाही गं, मार्लीस." तो हे इतकं साधं बोलला की मला आधी कळलंच नाही. "काही आठवत नाही. वर्ग कुठे आहे, काल काय शिकवलं, घरी कुठल्या बसने जायचं. माझ्या आजीचं अगदी असंच झालं, म्हणून मला आधी कळलं. मागच्या वर्षी मी बाईंना विचारलं. त्यांनी कबूल केलं. म्हणाल्या, हा माझा शेवटचा वर्ग, सहा जणांना पार करते आणि मग स्वतःच जाते. बाकीच्यांना मी सांगितलं."

"मला का नाही?"

"त्या म्हणाल्या होत्या, मार्लीसला नको. तिला कळलं तर ती अभ्यास सोडून माझी काळजी करत बसेल."

मी हसले. कशी हसले कोण जाणे. तो म्हणाला, "हस." आणि खाली निघून गेला.

सव्वा वर्ष. फळ्यावरची ओळ. जिना. बूट. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मीच लिहिलंय ते या वहीत. आणि त्याचा अर्थ मी काय लावला? माझ्यावर पाळत ठेवतात!

१५ जानेवारी १९८९

बाईंना सक्तीने निवृत्त केलं. एकोणतीस वर्षांची नोकरी, आणि निरोप समारंभ नाही, कारण त्यांना तो नको होता. ट्रिअरचे सर शिकवतात. चांगले शिकवतात. पुढच्या वर्षापासून लॅटिनचा मुख्य वर्ग नाही, शिक्षकच नाही म्हणून. दहावीतल्या चार मुलांनी नावं दिली होती, त्यांना दुसरा विषय निवडायला सांगितलंय.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शेजारी जाऊन यायला हवं मला." म्हणजे मी जे फुशारकीने सांगून आलो ते परत घेऊन येतो, असं.

९ फेब्रुवारी

शेवटी गेले. दोन महिने रोज जाणार होते आणि रोज गेले नाही.

बाई धाकट्या बहिणीजवळ राहतात, आग्नेसबाईंजवळ. त्यांनी दार उघडलं, नाव विचारलं आणि ऐकल्यावर जरा थबकल्या. "आज तिचा दिवस चांगला आहे," म्हणाल्या. "तुझ्या दृष्टीने चांगला का, ते मला ठाऊक नाही."

बाई टेबलापाशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. "ये, मार्लीस." क्रिस्टा नाही. मार्लीस.

मला रडू यायला लागलं. त्या म्हणाल्या, "बस. आधी क्रियापद. काय करायला आलीस?"

मी रुमाल शोधत राहिले. त्याच पुढे बोलल्या, "तू ग्रोमेसना अकरा सांगितल्यास. त्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. मी तीन दिवस घेऊन बसले, तेव्हा कुठे सापडल्या. अकरा नाहीत, बारा आहेत."

मी खाली बघितलं.

"चौथं वाक्य. तिथे तू चुकली होतीस आणि मी बरोबर म्हणून सोडून दिलं होतं. ती तुझ्या यादीत नव्हती."

इथे खरं लिहायला हवं. नोव्हेंबरमध्ये मी या वहीतही लिहिलं नव्हतं. ती चूक मला दिसली होती.

"हो बाई," मी म्हणाले.

"हं." त्यांनी मान हलवली, वर्गात उत्तर बरोबर आलं की हलवायच्या तशी. "तू गेलीस ते योग्यच केलंस. मी मुलांचे गुण बिघडवत होते. मीच आधी जायला हवं होतं. मला वाटलं, मार्चपर्यंत निभेल. ऊडोवर किती ओझं टाकलं मी, बिचाऱ्यावर."

"तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"हो."

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. सगळी मोठी माणसं नाहीच म्हणतात.

"फार रागावलेय," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडे यायला हवं होतंस. पेपर घेऊन नाही. दार लावून घेऊन विचारायला हवं होतंस, बाई, तुम्हाला काय होतंय? दोन वर्षं पहिल्या बाकावर बसलीस तू. उद्या मला हा राग आठवेल की नाही, माहीत नाही, म्हणून आज सांगते. कुणालातरी आठवायला हवा."

मग आग्नेसबाईंनी चहा आणला. चहा पिताना बाईंनी मला विचारलं, "तू कुणाची गं?"

१७ मार्च

लेखी झाली. पेपर सोपा होता. निघताना दारात ऊडो भेटला. "कसा गेला?" "बरा. तुझा?" "बरा." तेवढंच. तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला, म्हणून लिहून ठेवते. पुढे काही झालं नाही.

२० एप्रिल

दर गुरुवारी जाते. आग्नेसबाईंना बाजारहाट करायला मोकळा वेळ मिळतो. बाईंना मी कोण ते माहीत नसतं, पण त्या दर वेळी खूश होतात. मुलगी आली की तिला शिकवायचं असतं, इतकं त्यांना पक्कं आहे. पहिल्या धड्यापासून सुरू करतात. मी वही काढते आणि मुलगी, शेतकरी, गुलाब या लॅटिन शब्दांची रूपं चालवते. मुद्दाम चुकून बघितलं एकदा. लगेच पकडलं. "लक्ष कुठंय?" नंतर कधी मुद्दाम चुकले नाही, ते लबाडीचं वाटतं.

माफी अजून मागितलेली नाही. त्या दिवशी रडण्यात राहून गेली. मी वाट बघतेय, त्या मला मार्लीस म्हणतील अशा एखाद्या चांगल्या दिवसाची. आग्नेसबाई म्हणतात, "असे दिवस आता कमी होत जाणार."

११ मे

आज दोन रूपांनंतर बाई थांबल्या. पुढचं येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सांगितलं. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि घाम पुसला.

२५ मे

डिसेंबरनंतर असं कुणाला सांगायची हिंमत झाली नव्हती, आज बाबांना सांगितलं की मी लॅटिनच पुढे शिकणार आहे, ट्रिअरला. ते पिपं धूत होते. "आणि मळा?" "माहीत नाही." त्यांनी नळ बंद केला. "त्या बाईचं देणं फेडायला शिकणार असशील तर नको शिकू. असं देणं फिटत नाही. आवडतं का तुला?" मी म्हटलं, आवडतं. नळ पुन्हा सुरू झाला.

आवडतं का? आज चर्चजवळून आले तरी तो दगड वाचला नाही.

१५ जून

निकाल लागला. लॅटिनमध्ये चौदा. शाळेतून थेट बाईंकडे गेले. आता वाट बघत बसायचं नाही असं बसमध्येच ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात आग्नेसबाई त्यांना कोब्लेन्झच्या वृद्धाश्रमात ठेवणार आहेत, त्यांना एकटीला आता झेपत नाही.

बाई बागेत होत्या, मांडीवर शेंगा घेऊन दाणे काढत. मी समोर स्टुलावर बसले. "बाई, मला तुमची माफी मागायचीय."

"कशाबद्दल गं?"

मग मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. एक बाई होत्या, त्या विसरायला लागल्या होत्या, त्यांच्या वर्गातल्या पाच मुलांनी त्यांना सांभाळून घेतलं आणि सहावीने नाही. तिने चुकांची यादी करून वर नेऊन दिली, आणि स्वतःची एक चूक त्यातून वगळली. बाईंचे हात थांबले होते. किती लक्ष देऊन ऐकत होत्या, वर्गात आम्ही भाषांतर वाचून दाखवताना ऐकायच्या तसं.

माझं संपल्यावर म्हणाल्या, "फार लागलं असेल गं त्या बाईंना."

"हो."

"आणि तू अजून माफी मागितली नाहीस त्यांची?"

"नाही."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हिरवे डाग पडलेला, ओला हात. "मग त्यांच्याकडे जा ना, बाळ," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग?"